दोन बोटं सैल

“मालक न्हाईत का?”

कुसुमताईंनी मान वर केली नाही. डायनॅमोच्या आतल्या फिरत्या गाभ्याच्या, म्हणजे आर्मेचरच्या, खाचेत तांब्याची तार बसवत असताना मान वर करायची नसते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी तर मुळीच करायची नसते. दीनानाथना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी नाना पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस आत बसलेल्या बाईला ओलांडून मालकांना शोधायचा.

“आहेत की. तुमच्या डोक्यावरच आहेत,” त्या म्हणाल्या.

माणसानं वर बघितलं. चंदनाचा हार घातलेला फोटो दिसताच त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. हे मात्र कुसुमताईंना अनपेक्षित होतं. शहरातली गिऱ्हाइकं असल्या वेळी “अरेरे” म्हणत आणि त्याच दमात “मग आता काम कोण करतं?” असं विचारत. त्यांनी हातातलं आर्मेचर फडक्यावर ठेवलं.

“बसा. काय काम होतं?”

“मी जयसिंग. हिंजवडीचा. गेनबा दूधवाल्याचा ल्योक.”

गेनबा म्हटल्यावर त्यांना माणसाआधी गाडीचा आवाज आठवला. पहाटे बुलेटला चार कॅन लटकवून तो पुण्यात यायचा, मंडईमागच्या घरांना दूध घालायचा आणि परतताना दुकानापाशी चहाला थांबायचा. गाडी खडकीच्या लष्करी लिलावात घेतलेली, पंचावन्न-छपन्न सालची. “या माणसाच्या तोंडात शिव्या फार, पण दुधात पाणी नाही,” असं दीनानाथ म्हणत.

“कसे आहेत गेनबा?”

“आबा गेले. दोन वर्सं झाली.” जयसिंगनं रस्त्याकडे हात केला. टेम्पोत दोरानं करकचून बांधलेली तीच बुलेट उभी होती. “गाडीचं चार्जिंग व्हत न्हाई, मावशी. चार मिस्त्री झाले. बॅटरी दोनदा बदलली, कटआउट बदललं, कार्बन बदलले. आबा म्हनायचे, दीनानाथशेटच्या हातचं आर्मेचर कधी जळायचं न्हाई. म्हनलं, त्येंच्याच दारात जावं.”

दीनानाथशेटच्या हातचं आर्मेचर! कुसुमताई नुसत्या “हं” म्हणाल्या.

त्या तांबट आळीतल्या. बाप घंगाळी आणि हंडे ठोकायचा, त्या ठोक्यांच्या आवाजातच त्या वाढल्या. लग्न होऊन आल्यावर दीनानाथनी त्यांना महिन्याभरात वाइंडिंग शिकवलं. वर्षाच्या आत त्यांचा हात नवऱ्याच्या पुढे गेला. हे दोघांनाही कळलं होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत. दुकानाच्या मध्ये एक हिरवा पडदा होता. पडद्याच्या पुढे दीनानाथ बसत, गिऱ्हाइकाशी बोलत, डायनॅमो खोलत आणि बसवत. पडद्याच्या मागे कुसुमताई तार गुंडाळत. “बाईचं काम म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं गं,” ते एकदा म्हणाले होते, आणि ते खोटंही नव्हतं. पण गिऱ्हाईक पडद्यापलीकडून “वा शेट, काय हात आहे!” म्हणायचं, आणि दीनानाथ “चालायचंच” म्हणत ते घ्यायचे, तेव्हा कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. छत्तीस वर्षं व्हायचा. आता पडदा काढून टाकला होता, तरी माणूस गेल्यावरही कौतुक त्याच पत्त्यावर येत होतं.

गाडी खाली उतरवून बोळात भिंतीला लागून स्टँडवर लावली. कुसुमताईंनी डायनॅमोच्या तारा सुट्या केल्या, टेस्टलॅम्पची टोकं इथंतिथं टेकवली, कटआउटचं झाकण उघडून बघितलं. आर्मेचर ठणठणीत होतं. त्यांचंच होतं ते, न बघताही सांगता आलं असतं. काही जळलेलं नव्हतं, काही तुटलेलं नव्हतं.

“ही गाडी उभी किती दिवस होती?”

“आबा गेल्यापासनं दीड वर्स. गोठ्यात.”

“मग बरोबर आहे. विसरलंय ते.”

“कोन?”

“डायनॅमो. आतल्या लोखंडात थोडी लोहचुंबकाची शक्ती उरलेली असते, तिच्या जोरावर तो पुन्हा वीज करायला लागतो. फार दिवस कुणी फिरवलं नाही की ती जाते. मग कितीही फिरवा, त्याला आपलं काम आठवत नाही. तुमच्या चारी मिस्त्र्यांनी सुटे भाग बदलले. आठवण कुणी करून दिली नाही.”

त्यांनी बॅटरीवरून एक तार आणली आणि डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवून काढली. निळी ठिणगी उडाली. “मारा किक.”

इंजिन लागलं. हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेल्या, चार्जिंग दाखवणाऱ्या छोट्या मीटरचा काटा थरथरला आणि अधिकच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दिवा लावला, तरी काटा हलला नाही. बोळातून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं डोळ्यांवर हात धरून एक शेलका शब्द टाकला. एवढा चांगला उजेड पडला होता.

जयसिंगला मात्र आनंद झाल्याचं दिसेना. त्यानं इंजिन बंद केलं आणि तो पायरीवर बसला.

“मावशी, हितं समदं बरूबर हुईल. तिथं जाऊन दिवा जातो.”

“तिथं म्हणजे कुठं?”

मग त्यानं सांगितलं, तेही खाली बघत. पाच वर्षांपूर्वी रान कंपनीला गेलं. आबांच्या मनात नव्हतं, जयसिंगनंच पेन हातात दिलं होतं. त्यानंतर आबांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नाही, गाडीही तिकडे नेली नाही. कंपनीनं भिंत घातली. बांधावरच्या म्हसोबाला तेवढं हलवलं नाही. भिंत त्याच्याभोवती आत मुडपून घेतली आणि शेंदराचा दगड बाहेर ठेवला. आबा गेल्यावर दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं तरी शिवेना. बायडाबाई, म्हणजे जयसिंगची आई, पुढं झाली आणि तिनं शब्द दिला, की म्हसोबाला रोज सांजचा दिवा लावीन. तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

“आई रोज चालत जाऊन दिवा लावती. सा महिन्यांमागं म्हनली, त्येंची गाडी चालू कर आन् तीच घिऊन मला न्यायला येत जा. मी गाडी चालू क्येली. पयल्याच दिवशी म्हसोबापाशी आलो आन् दिवा गेला. इंजान चालू, दिवा बंद. चार हात पुढं आलो, पुन्ना लागला. तवापासनं रोज. बाकी कुठं म्हनून जात न्हाई, मावशी. फकस्त तिथं.”

“आणि आई?”

“म्हनती, तुझा बाप थांबतो तिथं. त्याचा जीव रानात हाय. जवर त्यो सुटत न्हाई तवर रातचं जेवायची न्हाई. सा महिने झाले. हाडं राहिलीत नुसती. माझ्याशी बोलत न्हाई, भिंतीकडं बगून बोलती.”

कुसुमताईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. तरी त्या पुण्याच्याच.

“अहो जयसिंगराव, मी डायनॅमो दुरुस्त करते. बाकीच्याला माणसं वेगळी असतात.”

“तीबी झाली,” जयसिंग म्हणाला.

तो गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. या वेळी गाडी चालवत आला. पायरीवर चढला नाही. बोळातच उभा राहून म्हणाला, “गेला. परवा गेला, काल बी गेला. बॅटरी फुल हाय, काटा बरूबर हाय, पन तिथं गेला.”

दोन रात्री कुसुमताईंनाही झोप नव्हती. आपलं आर्मेचर एका ठरावीक जागी बंद पडतं ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. आणि न पटणाऱ्या गोष्टीची भीती वाटते, हे त्यांना स्वतःशी कबूल करायचं नव्हतं. त्यांनी पिशवीत टेस्टलॅम्प, पक्कड, पान्हे, तारेचं एक वेटोळं आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ टाकलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

“चला. मीच बघते.”

“रिक्षा बगू?”

“गाडी रिक्षात बसून बघायची असते का?”

चाळीस वर्षं मोटारसायकलींची आतडी हाताळलेल्या कुसुमताई त्या दिवशी पहिल्यांदा मोटारसायकलवर बसल्या. एका बाजूला पाय सोडून, पिशवी मांडीवर घेऊन, जयसिंगचा शर्ट चिमटीत धरून. शिवाजीनगर गेलं, औंध गेलं. वाकडच्या पुढे कंपन्यांच्या बसची रांग लागली होती. बसच्या काचांतून गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं या गाडीकडे बघत होती. एकानं अंगठाही दाखवला. कुसुमताईंचं सगळं लक्ष जयसिंगच्या खांद्यावरून दिसणाऱ्या काट्याकडे होतं. काटा अधिककडे होता, क्वचित मधोमध येऊन पुन्हा जात होता.

घर गावठाणात, नवं, गुळगुळीत फरशीचं. बायडाबाई फरशीवर न बसता अंगणातल्या पोत्यावर बसली होती. हातात तेलाची बाटली आणि वात. खरंच काही उरलं नव्हतं तिच्यात. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

“ह्या दीनानाथशेटच्या मालकीन,” जयसिंग म्हणाला.

बायडाबाईनं कुसुमताईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. “तुमचं मालक कधी गेलं?”

“सहा वर्षं झाली.”

“येत्यात?”

असा प्रश्न कुसुमताईंना कुणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, “नाही. गिऱ्हाइकं येतात त्यांना शोधत.”

“आमचं येत्यात,” बायडाबाई म्हणाली. हे तिनं चुलीवर दूध आहे म्हणावं इतक्या सहज सांगितलं, आणि ती उठून वाटेला लागली.

दिवेलागणीला जयसिंगनं गाडी काढली. मागे कुसुमताई. डांबरी रस्ता संपला आणि भिंतीच्या कडेची कच्ची वाट लागली. भिंत उंच होती. पलीकडे काचेच्या इमारतीत शेकडो दिवे लागले होते, पण त्यांचा उजेड भिंतीच्या अलीकडे उतरत नव्हता. इथं एकच उजेड, गाडीचा. पुढे भिंत एकदम आत वळली होती. त्या खोबणीत शेंदराचा दगड होता, त्याच्यापुढे पणती होती, आणि पणतीशेजारी बायडाबाई हात जोडून उभी होती. तिची पाठ दगडाकडे आणि तोंड येणाऱ्या गाडीकडे होतं.

वाट दगडाला वळसा घालून डावीकडे काटकोनात वळत होती. जयसिंगनं वेग पायी चालण्याइतका केला आणि हँडल पार डावीकडे नेलं.

दिवा गेला.

इंजिन धडधडत होतं. काटा मधोमध पडला होता, निपचित. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ इतका अंधार असेल असं कुसुमताईंना वाटलं नव्हतं. पणतीच्या पलीकडून बायडाबाईचा आवाज आला, हळू, नेहमीच्या माणसाशी बोलावं तसा. “आलासा? थांबा वाईच.”

आणि त्याच वेळी कुसुमताईंना आपल्या पाठीमागून दुसरा आवाज ऐकू आला. तापानं बसलेला, पडद्याआडून आलेला आवाज. “कुसुम, सैल सोड जरा. दोन बोटं.”

त्यांनी जयसिंगचा शर्ट घट्ट धरला. चार हात पुढे गाडी सरळ झाली आणि दिवा पुन्हा लागला.

“बगितलं?” जयसिंगनं मागे वळून विचारलं.

“थांबवा गाडी,” कुसुमताई म्हणाल्या. “इंजिन चालू राहू द्या. खाली उतरा. आता हँडल नुसतं हातानं फिरवा. डावीकडे. पूर्ण.”

दिवा गेला.

“सरळ.”

दिवा लागला.

“पुन्हा.”

पुन्हा गेला. म्हसोबा आता दहा पावलं मागे होता. जयसिंग हँडलकडे बघत राहिला. मग त्यानं ते स्वतःहून दोनदा फिरवलं, आणि तिसऱ्यांदा फिरवताना त्याचा हात थांबला.

“रस्त्यानं जाताना हँडल इतकं कुणी वळवत नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “बोळात मी गाडी भिंतीला लावली होती, म्हणून मीही वळवलं नाही. इंजिनाची ठिणगी वेगळ्या मॅग्नेटोतून येते, त्याला याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणून ते चालू राहतं. पणती आणा जरा इकडे.”

बायडाबाईच पणती घेऊन आली. तिनं ती हेडलाइटपाशी धरली. कुसुमताईंनी हेडलाइटची कडी सोडवली आणि काच बाहेर काढली. आत मीटरकडे येणारी मुख्य तार होती. बॅटरीचा करंट वर यायचा आणि डायनॅमोचा खाली जायचा, तो तिच्यातूनच. तारेच्या जोडावर मेणाचा काळा दोरा गुंडाळलेला होता. सात वेढे, एकाला एक चिकटून, आणि शेवटचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घेतलेलं. इतकं नेटकं की हात लावायला मन होऊ नये.

“त्ये कंपनीचं हाय, मावशी,” जयसिंग म्हणाला. “चारी मिस्त्री म्हनले, ह्येला हात लावायचा न्हाई, ह्ये मूळचं काम हाय.”

कुसुमताईंनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. हा वेढा कुठल्याही कंपनीचा नव्हता. आर्मेचरच्या तोंडाशी तारा बांधायचा हा वेढा पुण्यात एकच माणूस घालत होतं.

शहात्तर सालचा श्रावण होता. दीनानाथ काविळीनं पडद्यामागे झोपून होते. गेनबा सकाळी सकाळी आला. गोठ्यातल्या उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दूध पोचायला हवं होतं. कुसुमताई पदर खोचून पडद्याच्या पुढे आल्या होत्या, पहिल्यांदाच. दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं, कुणी बघू नये म्हणून. गेनबा चहा प्यायला गेला होता. पडद्याआडून दीनानाथ म्हणाले होते, “कुसुम, सैल सोड जरा. दोन बोटं. हँडल फिरतं गं.” आणि कुसुमताईंनी दात खाल्ले होते. झोपूनही चुका काढायच्या! आर्मेचरमध्ये सैल तार म्हणजे पाप. फिरताना ती सुटते, घासते, जळते. ज्या हातांनी जन्मभर तार ताणूनच बसवली ते हात सैल सोडणार कुठून? त्यांनी तार ताणली, वर दोऱ्याचे सात वेढे घातले आणि लांबून बघितलं. किती देखणं दिसत होतं! दीनानाथ बरे झाल्यावर गेनबानं त्यांनाच सांगितलं, “शेट, झकास काम केलंत.” दीनानाथ “चालायचंच” म्हणाले होते.

अठ्ठावीस वर्षं ती तार प्रत्येक वळणावर ताण खात आली होती. आतले केसासारखे बारीक धागे एकेक करून तुटले होते. आता उरलेले दोन-चार हँडल सरळ असताना एकमेकांना टेकत होते, पार वळवलं की सुटत होते.

“म्हंजी,” जयसिंग सावकाश म्हणाला, “दीनानाथशेटची चूक व्हय?”

कुसुमताईंना वाटलं, हो म्हणावं. काय बिघडतं? इतकी वर्षं माझ्या कामाची वाहवा या माणसानं घेतली, एक चूकही घेईल. भिंतीवरच्या फोटोला काय कळणार आहे? पण त्यांना नको ते कळून चुकलं होतं. पडद्याआडून जो बोलला होता, त्याला पुढे कुणाचे हात चालताहेत हे पुरतं ठाऊक होतं. तो बोलला होता ते खोडी काढायला नव्हे. एक मिस्त्री दुसऱ्या मिस्त्र्याशी बोलतो तसं बोलला होता. जन्मात तेवढं एकदाच, आणि तेच त्यांनी ऐकलं नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ही तार माझी आहे. त्यांनी सैल सोडायला सांगितलं होतं, मी सोडली नाही. आणि तुमचे आबा ज्याला दीनानाथशेटचं आर्मेचर म्हणायचे, तेही माझंच.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका कामावर आपलं नाव सांगितलं होतं, आणि ते बिघडलेलं काम होतं. जयसिंगनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

बायडाबाई म्हणाली, “म्हंजी त्ये येत न्हवतेच?”

“बायडाबाई, दिवा जात होता तो या तारेनं.”

“आन् कावळा? कावळा का न्हाई शिवला?”

“ते मला सांगता यायचं नाही. मला तारांचंच कळतं, तेही सगळं नाही.”

बायडाबाईनं दगडाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात, जयसिंगला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “मग ऱ्हाऊ द्या की तशीच.”

“आई!”

कुसुमताईंचा पक्कड धरलेला हात थांबला. नवरा सुटावा म्हणून सहा महिने रात्रीची उपाशी राहणारी ही बाई रोज सांजेला त्याच्यासाठीच इथं येऊन उभी राहत होती. तो सुटू नये असंही तिलाच वाटत होतं. या बाईला आपल्या हातानं पुन्हा एकदा विधवा करायचं, असं काहीतरी कुसुमताईंना वाटत होतं. तरी त्या म्हणाल्या, “अहो, दिवा गेला की हा त्या वळणावर आंधळा असतो. समोरून कुणाला दिसतही नाही. इथं खडी घेऊन ट्रक येतात, मघाशी चाकांच्या खुणा बघितल्या मी.”

बायडाबाईनं पणती वर धरली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा लेकाच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. जयसिंगनं मान खाली घातली.

“करा मग,” ती म्हणाली. “ह्यो एकच ऱ्हायलाय.”

कुसुमताईंनी जुना जोड दोन्हीकडून कापला. हँडल पार डावीकडे वळवून घेतलं, नवी तार मापली आणि वर दोन बोटं जास्त ठेवली. जोड झाल्यावर हँडल सरळ केलं, तेव्हा तारेचा फुगा आत लोंबू लागला. डोळ्यांना खुपत होता तो. बोटं आपोआप ओढायला गेली. त्यांनी बोटं मागे घेतली, दोऱ्याचे सात वेढे घातले आणि काच बसवली.

बायडाबाईनं पणती परत दगडापुढे नेऊन ठेवली. जयसिंग गाडी घेऊन लांबवर गेला आणि वळून आला. उजेड वाटेवरून हलत हलत आला, म्हसोबापाशी मंद झाला नाही, थांबला नाही, दगडावरून, पणतीवरून, बायडाबाईच्या अंगावरून फिरला आणि वळणापलीकडे गेला. जयसिंगनं आणखी दोनदा फेरी मारली. दोन्हीदा तसंच झालं.

“न्हाई थांबले,” बायडाबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं कुसुमताईंपुढे हात केला. “त्यो तुकडा द्या मला.”

“कसला?”

“तुटका. कापलासा त्यो.”

कुसुमताईंनी पिशवीत टाकलेला बोटभर तुकडा काढून दिला. काळा दोरा अजून तसाच घट्ट होता. बायडाबाईनं तो पणतीशी धरून उलटसुलट पाहिला. “लई निगुतीनं बांदलंया,” ती म्हणाली, आणि पदराच्या टोकात ठेवून तिनं गाठ मारली. मग गाठ कनवटीला खोचली.

“चला घरला. भाकरी टाकते. जेवून जावा.” आणि थोडं थांबून म्हणाली, “मी बी खाईन घासभर.”

ती पुढे चालू लागली. जयसिंगला काय करू आणि काय नको असं झालं होतं. “बसा मावशी, आईच्या आदी घरी पोचवतो.”

“थांबा,” कुसुमताई म्हणाल्या. “एकदा मला त्या वळणावरून न्या.”

“आता काय ऱ्हायलं? तीनदा झालं की.”

“माझी खात्री नको का व्हायला?”

जयसिंग हसला. गाडी लांबून वळवून आणली. भिंत आली, खोबण आली, शेंदराच्या दगडापुढची पणती आली. त्यानं वेग कमी केला आणि हँडल डावीकडे नेलं, पार टोकापर्यंत.

कुसुमताईंनी डोळे मिटून घेतले. इंजिन धडधडत होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं. पाठीमागून कुणी काही बोललं नाही.

“बगा मावशी, दिवा बगा! काटा कसा हुबा हाय बगा!” जयसिंग ओरडून म्हणाला.

“हो, छान आहे,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.